सहावा बोल्ट

प्ल्झेनमध्ये जानेवारीत चार वाजताच अंधार पडतो.
मग प्रयोगशाळेत आम्ही दोघंच उरतो:
मी पडद्यासमोर, वेंडेलीन काचेपलीकडे,
आणि मधे दोन पोलादी पट्ट्या, आठ बोल्टांनी एक केलेल्या.

एक केलेल्या, असं आपलं म्हणायचं.
पट्टी पट्टीला टेकते ती फक्त शिखरांवर,
डोळ्यांना न दिसणाऱ्या, मायक्रॉनभर उंचीच्या;
मधली सगळी जागा हवेची.
जोरात हलवलं की कडेचा भाग घसरतो,
आतला धरून राहतो.
भांड्याला भांडं लागायचंच.
पण कुठे लागेल आणि किती,
हे मला आधी सांगायचं असतं,
आकड्यांत, चाचणी व्हायच्या आत.

पोलादाचं सोपं आहे. पोलाद शब्दाला जागतं:
दुप्पट ढकला, दुप्पट वाकेल.
घर्षणाला आठवण असते.
आत्ता कुठे आहात एवढ्यानं त्याचं भागत नाही,
मघाशी कुठून आलात, तेही ते विचारतं.

म्हणून मी आधी उत्तरच गृहीत धरते:
एक लाट, तिची तिप्पट वेगाची धाकटी,
पाचपट वेगाची त्याहून धाकटी.
त्यांची बेरीज काळात उलगडते,
एका फेरीचे दोनशे छप्पन्न क्षण,
आणि दर क्षणी दर बिंदूला तोच प्रश्न:
धरलंस की सोडलंस?
उत्तरं गोळा करून पुन्हा लाटांकडे परतते.
हिशेब जुळत नाही.
लाटा थोड्या बदलते. पुन्हा विचारते.
चौदाव्या खेपेला बाकी शून्याजवळ येते.
शून्य कधीच होत नाही; आपणच म्हणतो, पुरे.

माझं भाकीत: दोनशे अकरा हर्ट्झ.
वेंडेलीननं मोजले दोनशे सहा,
आणि शिखर बुटकं, जणू कुणी वर उशी दाबून धरलेली.
त्यानं जोड उघडला, स्पिरिटनं पुसला, परत बांधला.
दोनशे पाच.
पुन्हा.
दोनशे सात.
तेच बोल्ट, तोच पाना, तोच माणूस.

मी घर्षणाचा गुणांक बदलून पाहिला
(आमच्या धंद्यात काही जुळेना की सगळे त्याच्याच माथी मारतात).
मग गणितातले बोल्ट एकेक करून सैल केले.
पहिला नाही. दुसरा नाही. पाचवाही नाही.
सहावा तीस टक्के उतरवला
आणि माझी रेघ त्याच्या ठिपक्यांवरून अलगद गेली.

मी मान वर केली.
सहावा बोल्ट भिंतीकडचा.
तिथे पाना डाव्या हातानं ओढावा लागतो.
वेंडेलीननं पाना खाली ठेवला होता
आणि तरी त्याचा डावा हात थरथरत होता,
बारीक, सेकंदाला चार-पाच वेळा.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची कंपनं मोजलेला हात.

"कधीपासून?" मी विचारलं.
"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.
मग जरा थांबून, "बोल्टाचं विचारतेस ना?"

गंमत अशी, की सहावा सैल असताना
पट्ट्या जास्त शांत होत्या.
आठही घट्ट आवळले तर त्या घंटेसारख्या वाजत राहतात;
कुठेतरी थोडं घसरू दिलं
की घासून घासून कंपन उष्णता होऊन निघून जातं.
फार सैल केलं तर नुसता खडखडाट.
हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते.

अहवालात लिहिलं: बोल्ट सहा, ताण सत्तर टक्के.
पुढचा रकाना कारणाचा.
तो रिकामा ठेवून मी रात्रीचं गणित लावलं.

बल वाढवलं की जोडात फट उघडते
आणि वक्र एका जागी मागे वळतो.
तिथे सरळ पुढे जाऊ पाहिलं तर सगळं कोसळतं;
वक्राला धरून वळावं लागतं, पाऊल आखडत.

वेंडेलीन कॉफी घेऊन आला, दोन कप, बशीविना.
आधी बशी असायची.

मी पाऊल अर्धं केलं. जुळलं नाही.
आणखी अर्धं.